कर्नल मेडोज टेलर : शिपाई, मुत्सद्दी आणि कादंबरीकार

नारायणगुड्यापासून जवळच, कोठी भागात, रेसिडेन्सीची स्तंभमंडित वास्तू उभी आहे. निजामाच्या राज्यावर इंग्रजांची नजर असे ती तेथूनच. या व्यवस्थेत वावरलेल्या इंग्रजांपैकी मराठी वाचकाशी निकटचे नाते सांगता येईल असा पुरुष म्हणजे फिलिप मेडोज टेलर (१८०८–१८७६) होय.

लिव्हरपूलला जन्मलेला टेलर १८२४ साली एका व्यापाऱ्याकडे नोकरीसाठी मुंबईस आला आणि लौकरच निजामाच्या फौजेत शिरला. ही फौज कंपनीच्या सेनेहून निराळी. अधिकारी इंग्रज, पण खर्च निजामाचा. त्यामुळे कंपनीच्या सनदी अधिकाऱ्यांच्या पंक्तीत टेलरला स्थान नव्हते. त्याचा उत्कर्ष झाला तो येथील भाषा व माणसे जाणल्यामुळे.

पुढे शोरापूरच्या बेरड संस्थानात इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून त्याची नेमणूक झाली. राजा व्यंकटप्पा नाईक अज्ञान असल्याने कारभार टेलरच्याच हाती होता. बालराजा त्यास 'अप्पा' म्हणे. १८५३ च्या तहाने निजामाचे काही जिल्हे इंग्रजांच्या व्यवस्थेखाली गेले, तेव्हा टेलर नळदुर्गास आला. १८५७ मध्ये त्याला वऱ्हाडात बुलढाण्यास धाडण्यात आले. दुसऱ्याच वर्षी व्यंकटप्पाने इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले, तो कैद झाला आणि कैदेतच त्याचा अंत झाला. माया खरी होती, परंतु ती सत्तेच्या छायेत वाढलेली होती, हे या शोकांतिकेने दाखवून दिले.

टेलरच्या लेखनाचेही मर्म हेच आहे. १८३९ च्या ठगांवरील कादंबरीने त्याला कीर्ती दिली. १८६३ च्या 'तारा' या कादंबरीत तुळजापूर, विजापूर व अफझलखानाचा वध हे विषय येतात. हा वध १६५९ चा. टेलरने मात्र १६५७, १७५७ व १८५७ अशी शतकांची साखळी जुळविण्यासाठी कथा १६५७ कडे ओढली. ज्याने तुळजापूरचा परिसर प्रत्यक्ष पाहिला होता, त्याच्या वर्णनाला वजन आहे. कालक्रमाला ते नाही.

अध्यापकांनी हा भेद विद्यार्थ्यांपुढे अवश्य मांडावा. टेलरला केवळ परकी सत्ताधारी म्हणून दूर सारणे जसे अनुचित, तसेच त्याच्या सहानुभूतीवर भाळून त्याच्या कादंबरीस इतिहास मानणेही अनुचित. मराठवाड्याच्या मातीचे त्याने जे पाहिले ते स्वीकारावे, आणि ते त्याने कोणत्या आसनावरून पाहिले हे विसरू नये, असे आम्हांस वाटते.