विश्लेषण : नवे टीम लीड झालात? ‘सगळे ठीक आहे’ हे उत्तर धोक्याचे का?

स्टेटस शीटवर सगळीकडे हिरवा रंग. आणि रिलीजच्या आदल्या रात्री ११ वाजता फोन : ‘एक छोटासा इश्यू आहे.’ हिंजवडीतील आयटी कंपनी असो वा चाकणमधील कारखाना, हा प्रसंग अनेकांच्या ओळखीचा आहे. अप्रेझलनंतर पहिल्यांदाच टीम लीड, सुपरवायझर किंवा मॅनेजर झालेल्यांना तर त्याचा मोठा धक्का बसतो. अडचण टीमला आठवडाभर आधीच माहीत होती, मग ती लीडपर्यंत का पोहोचली नाही? याचे उत्तर अनेकदा लीडच्या पहिल्या काही आठवड्यांतील वागण्यात असते.

पहिले ९० दिवसच का?

मायकल वॉटकिन्स यांचे ‘द फर्स्ट ९० डेज’ हे पुस्तक २००३ मध्ये आले आणि हा आकडा कॉर्पोरेट जगात रुळला. ९० या आकड्यात जादू नाही. मात्र या काळात नवा लीड जसे काम समजून घेत असतो, तसेच टीमही त्याला जोखत असते. चूक कबूल केली तर काय होते? वाईट बातमी सांगणाऱ्याला मदत मिळते की बोलणी खावी लागतात? टीमचे मत एकदा बनले की ते बदलणे अवघड जाते.

फोर्डमध्ये काय घडले?

ॲलन मुलाली बोइंगमधील दीर्घ कारकीर्दीनंतर सप्टेंबर २००६ मध्ये फोर्डचे सीईओ झाले. मोटार उद्योगाचा अनुभव त्यांना नव्हता. त्या वर्षी कंपनीला १२ अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला. त्यांनी दर गुरुवारी आढावा बैठक सुरू केली. प्रत्येक अधिकाऱ्याने आपल्या कामाची स्थिती रंगांत दाखवायची : सुरळीत असेल तर हिरवा, धोका असेल तर पिवळा, अडले असेल तर लाल.

सुरुवातीच्या बैठकांत जवळपास सगळे तक्ते हिरवे होते. कंपनी अब्जावधी डॉलर गमावत असताना काहीच बिघडलेले नाही का, असे मुलाली यांनी विचारले. उत्तर आले नाही. अडचण उघड करणे म्हणजे स्वतःची खुर्ची धोक्यात घालणे, असा तिथला जुना अनुभव होता.

मग मार्क फील्ड्स यांनी ‘फोर्ड एज’ या नव्या गाडीच्या लाँचपुढे लाल रंग दाखवला. गाडीत तांत्रिक दोष आढळला होता. खोलीत शांतता पसरली. आता यांची नोकरी गेली, असेच अनेकांना वाटले. मुलाली यांनी टाळ्या वाजवल्या आणि विचारले, यांना कोण मदत करू शकेल? काही क्षणांत सहकाऱ्यांकडून मदतीचे प्रस्ताव आले. पुढच्या काही आठवड्यांत बाकीच्यांच्या तक्त्यांवरही लाल-पिवळे रंग दिसू लागले.

फक्त टाळ्यांनी कंपनी वाचली का?

नाही. २००६ च्या अखेरीस फोर्डने मालमत्ता तारण ठेवून सुमारे २३ अब्ज डॉलरची कर्जव्यवस्था केली. जनरल मोटर्स आणि क्रायस्लर २००९ मध्ये दिवाळखोरीत गेल्या, तेव्हा फोर्डने त्यांच्यासारखे सरकारी बेलआउट घेतले नाही. यात त्या कर्जाचा मोठा वाटा होता. पण पैसा कुठे लावायचा हे ठरवायला खरी माहिती लागते, आणि ती त्या गुरुवारनंतर टेबलावर येऊ लागली. लाल रंग दाखवणारे फील्ड्स २०१४ मध्ये मुलाली यांच्यानंतर सीईओ झाले.

नव्या लीडने काय करावे?

• पहिला प्रश्न बदला. ‘आधी का नाही सांगितले?’ याऐवजी ‘आता काय लागेल?’ असे विचारा. कारणमीमांसा काम मार्गी लागल्यावर करता येते.

• प्रत्येकाशी स्वतंत्र बोला. ‘काही अडचण?’ या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर येते. त्याऐवजी ‘या कामात सर्वात आधी काय अडकेल?’ असे विचारा.

• ‘दे, मीच करतो’ टाळा. चांगला कोड लिहिणारा म्हणूनच बढती मिळालेली असते, त्यामुळे हा मोह मोठा असतो. पण अडचण सांगितली की काम हातातून जाते, असे दिसले तर पुढच्या वेळी कोणी सांगणार नाही.

• जुन्या मित्रांशी स्पष्ट बोला. कालपर्यंत टपरीवर एकत्र चहा घेणाऱ्याचे अप्रेझल आता तुम्हाला लिहायचे आहे. मैत्री राहील, पण कामाचे निकष सर्वांना सारखेच असतील, हे पहिल्याच आठवड्यात सांगा.

• लाल रंगासोबत पुढचे पाऊल मागा. अडचण सांगितली म्हणजे जबाबदारी संपली, असे नाही. मुलाली यांच्या बैठकीतही दर आठवड्याला प्रगती सांगावी लागे.

वरिष्ठांनाच लाल रंग नको असेल तर?

नव्या लीडची खरी कोंडी इथे होते. मुलाली सीईओ होते, टीम लीडच्या डोक्यावर मात्र मॅनेजर असतो. अशा वेळी अडचण थेट बैठकीत मांडू नका, आधी मॅनेजरला एकट्याने भेटून सांगा. सोबत दोन पर्याय आणि लागणारे दिवस न्या. चूक कोणाची हे न सांगता ‘आमच्या टीमकडून राहिले’ असे म्हणा. त्या दिवशी बोलणी तुम्हाला बसतील. पण वर कोणाचे नाव गेले नाही, हे टीमला संध्याकाळपर्यंत कळलेले असते. पुढचा ‘छोटासा इश्यू’ मग रिलीजच्या आदल्या रात्री नव्हे, आठवडाभर आधी कानावर येण्याची शक्यता वाढते.