वकिलाच्या पाठीशी कोण?



संकटात सापडलेल्या माणसाच्या पाठीशी वकील उभा राहतो. पण सरकारचा रोष त्या वकिलावरच ओढवला, तर त्याच्या पाठीशी कोणी उभे राहायचे? या कामासाठी आज जर्मनीत काही व्यवस्था आहेत. त्यांची गरज काय, हे हान्स लिटन या वकिलाच्या हकीकतीवरून चांगले समजते.

लिटन यांचा जन्म 1903 साली हाले शहरात झाला. वडील कायद्याचे प्राध्यापक. ते जन्माने यहुदी, पण त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. आई इर्मगार्ड ख्रिस्ती घराण्यातली. हान्स मात्र तरुणपणी यहुदी युवकांच्या संघटनेत गेले आणि हिब्रू शिकले. 1928 पासून ते बर्लिनमध्ये वकिली करू लागले. त्यांचे पक्षकार बहुतेक कामगार होते.

नोव्हेंबर 1930 मध्ये बर्लिनच्या एडन नाचघरात कामगारांच्या एका मंडळाचा कार्यक्रम चालू असताना नाझींच्या टोळीने गोळीबार केला. जखमींच्या बाजूने लिटन कोर्टात उभे राहिले. आम्ही कायद्याच्या वाटेनेच सत्तेवर येणार, असे हिटलर तेव्हा सांगत असे. हे खोटे आहे, हिंसा हा त्याच्या पक्षाचा बेतच आहे, असे लिटन यांना दाखवायचे होते. 8 मे 1931 रोजी त्यांनी हिटलरला साक्षीला बोलावून सुमारे तीन तास उलटतपासणी घेतली. हिटलर चिडला, गोंधळला. तो अपमान तो कधी विसरला नाही.

पुढे तो सत्तेवर आला. 28 फेब्रुवारी 1933 रोजी, संसदेची इमारत जळाली त्याच रात्री, लिटन यांना उचलले. खटला नाही, शिक्षेची मुदत नाही. या कैदेला सरकारने नाव दिले होते ‘संरक्षक कोठडी’! एप्रिलमध्ये यहुदी वंशाच्या वकिलांच्या सनदा काढून घेण्याचा कायदा आला. सुरुवातीला त्यात काही अपवाद होते. 1938 मध्ये तेही संपले. वकिलांच्या संघटना नाझींच्या ताब्यात गेल्या होत्या. व्यवसायबंधूंकडून उघड आधार मिळण्याची वाट बंद झाली.

राहिली आई. इर्मगार्डबाईंनी पाच वर्षे कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले, मोठमोठ्यांना पत्रे लिहिली, परदेशी हात जोडले. 1935 मध्ये इंग्लंडचे लॉर्ड ॲलन यांनी हिटलरला पत्र पाठवले; सोबत सुमारे 100 ब्रिटिश वकिलांचा अर्ज होता. रिबेनट्रॉपकडून नकार आला. छळछावणीमागून छळछावणी करत लिटन डाखाऊला पोहोचले. तिथे त्यांना यहुदी कैद्यांच्या बराकीत ठेवले. 5 फेब्रुवारी 1938 रोजी त्यांनी गळफास घेतला. वय 34.

परदेशातून हाक आली, तरी ती कमी का पडली? एक तर अर्ज जाईपर्यंत अडीच वर्षांहून जास्त काळ लोटला होता. दुसरे, ती मेहेरबानीची विनंती होती. हिटलर कोणत्या कराराला बांधील आहे असे दाखवता येत नव्हते. तिसरे, लिटन आधीच तुरुंगात होते. अटकेपूर्वी मित्र देश सोडा म्हणत होते, पण लाखो कामगारांना पळता येत नाही, मग मी कसा जाऊ, असे त्यांचे म्हणणे होते.

आजची मदत या तिन्ही उणिवा भरून काढू पाहते.

पहिली गोष्ट नियमांची. 1990 साली हवाना इथे संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत वकिलांविषयी तत्त्वे ठरली. त्यातले एक असे, की पक्षकाराचे मत किंवा गुन्हा वकिलाच्या माथी मारायचा नाही. आपले डेव्हिड एरुलकर लोकमान्य टिळकांच्या बाजूने राजद्रोहाच्या खटल्यात उभे राहिले, म्हणून ते राजद्रोही ठरत नाहीत, तसेच हे. पण ही तत्त्वे बंधनकारक नव्हती. 2025 मध्ये युरोप परिषदेने वकिलांच्या संरक्षणाचा बंधनकारक करार सह्यांसाठी खुला केला.

दुसरी गोष्ट वेळेवर लक्ष देण्याची. धोक्यातल्या वकिलावर खटला चालतो तेव्हा परदेशी वकील कोर्टात निरीक्षक म्हणून जाऊन बसतात. 24 जानेवारी हा दिवस दरवर्षी धोक्यातल्या वकिलांसाठी पाळतात. 1977 साली याच तारखेला माद्रिदमध्ये कामगारांच्या वकिलांच्या कचेरीत हत्याकांड झाले होते.

तिसरी गोष्ट आसऱ्याची. छळ झालेल्यांना काही काळ ठेवून घेणारी संस्था हॅम्बुर्गमध्ये 1986 पासून आहे. जर्मन परराष्ट्र खात्याच्या पैशातून 2020 मध्ये एलिझाबेथ सेलबर्ट यांच्या नावाचा उपक्रम सुरू झाला. सेलबर्टबाई स्वतः वकील. स्त्री-पुरुष समानतेचे कलम जर्मन राज्यघटनेत आणण्यासाठी त्या झगडल्या. मानवी हक्कांचे काम करणाऱ्याला अशा उपक्रमातून तात्पुरता निवारा मिळतो. माणसाने थोडा श्वास घ्यावा आणि जमेल तेव्हा आपल्या कामाला परतावे, हा त्यामागचा हेतू. लाखोंना सोडून कायमचे निघून जायचे की अटकेची वाट पाहायची, या पेचातून ही मधली वाट काढली आहे.

एवढ्याने प्रत्येक तुरुंगाचे दार उघडते असे नाही. ज्या सरकारला लाज नाही, त्याच्यापुढे पत्र हे कागदच. पण सगळी सरकारे सुरुवातीपासून तितकी निगरगट्ट नसतात. पहिल्या आठवड्यात गेलेले पत्र आणि तिसऱ्या वर्षी गेलेले पत्र यांत फरक आहे.

बर्लिनमध्ये आज लिटन यांच्या नावाचा रस्ता आहे. जर्मन वकिलांच्या सर्वोच्च संस्थेची कचेरी त्याच रस्त्यावर, हान्स लिटन भवनात आहे. 1933 मध्ये ज्या व्यवसायाने त्यांना एकटे सोडले, त्याच व्यवसायाने आपल्या दारावर त्यांचे नाव लावले आहे.