अंगणातील पंगत

रायपूरहून धमतरीच्या रस्त्याने दक्षिणेकडे निघाले म्हणजे सुमारे तीस किलोमीटरांवर अभनपूर लागते. एके काळी रायपूर-धमतरीची अरुंद रुळांची आगगाडी येथे थांबत असे आणि तिचा एक फाटा येथूनच राजिमकडे वळत असे. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख, नागपूर ज्याची राजधानी होती त्या राज्यात मोडत होता. मराठी माणसाला तो अगदीच परका नाही. पावसाळ्यात रस्त्याच्या दोन्ही अंगांना नजर पोहोचेल तेथवर भाताची शेते हिरवीगार दिसतात. छत्तीसगढला ‘धान का कटोरा’, म्हणजे भाताने भरलेले वाडगे, असे म्हणतात ते अशाच शेतांमुळे.

भाताने भरलेल्या ह्या वाडग्यात मूल उपाशी राहील, हे सहसा मनात येत नाही. परंतु २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे वेगळे सांगतात. छत्तीसगढमधील पाच वर्षांखालील दर शंभर मुलांमागे सुमारे पस्तीस मुलांची उंची वयाच्या मानाने कमी भरली, एकतीस मुलांचे वजन कमी भरले आणि सहा महिन्यांपुढील दर शंभर मुलांमागे सदुसष्ट मुलांच्या रक्तात हवे तितके रक्तद्रव्य आढळले नाही. महाराष्ट्राने ह्यावर नाक मुरडावे असे मुळीच नाही. त्याच पाहणीत महाराष्ट्राचे आकडे जवळजवळ तसेच, किंबहुना वजनाच्या बाबतीत अधिकच वाईट आहेत. तेव्हा अभनपूरच्या अंगणवाडीतील ताटात काय पडते आणि काय पडावयास हवे, हा प्रश्न विदर्भातल्या आणि कोकणातल्या भातखाऊ घरांचाही आहे.

पोट भरणे आणि पोषण होणे ह्यांत फरक कोठे पडतो, हे साध्या हिशेबाने कळते. चार ते सहा वर्षांच्या मुलास दिवसाकाठी सुमारे १,३६० उष्मांक लागतात. शिजलेल्या शंभर ग्रॅम भातात १३० च्या आसपास उष्मांक असतात. म्हणजे केवळ भातावर ही गरज भागवावयाची, तर त्या मुलाने दिवसात एक किलोहून अधिक भात खावयास हवा. नांगर धरणाऱ्या गड्याला हे जमेल. पाच वर्षांच्या मुलाचे पोट केवढे! ते थोडक्यात तुडुंब भरते, मूल हात आखडते आणि ‘पोट भरले’ म्हणून आई निश्चिंत होते. छत्तीसगढात रात्रीचा भात पाण्यात भिजत घालून सकाळी मीठ, कांदा व मिरचीबरोबर खाण्याची रीत आहे. ह्या भातास ‘बासी’ म्हणतात. उन्हात राबणाऱ्या शेतकऱ्याला तो थंडावा देतो व किंचित आंबल्यामुळे पचावयासही हलका होतो. त्याची हेटाळणी करण्याचे कारण नाही. मात्र लहान मुलाच्या वाट्याला त्यात भातापेक्षा पाणीच अधिक येते.

यावर पहिला उपाय हाच की, घास तेवढाच ठेवून त्यातील कस वाढवावा. पिठूळ पदार्थाच्या एका ग्रॅमातून चार उष्मांक मिळतात, तर तेलाच्या एका ग्रॅमातून नऊ. चहाचा एक लहान चमचा तेल वरणभातावर घातले की सुमारे पंचेचाळीस उष्मांक वाढतात आणि पोटात जागा मात्र जवळजवळ अडत नाही. भुईमूग, तीळ आणि जवस हीही तेलाचीच भांडारे आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. सी. गोपालन व त्यांचे सहकारी यांनी केलेला एक प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. अर्धपोटी वाढणाऱ्या लहान मुलांना त्यांच्या घरच्या अन्नाशिवाय रोज सुमारे ३१० उष्मांक आणि अवघी ३ ग्रॅम प्रथिने देणारा खाऊ देण्यात आला. चौदा महिन्यांनंतर त्या मुलांची उंची व वजन खाऊ न मिळालेल्या मुलांपेक्षा अधिक वाढलेले दिसून आले. मुलाला शक्ती पुरेशी मिळाली नाही, तर जी थोडीबहुत प्रथिने पोटात जातात तीही शरीर सरपणासारखी जाळून टाकते, हा त्यातील मथितार्थ होता.

दुसरा उपाय आपल्या पूर्वजांनी प्रयोगशाळेवाचून शोधून ठेवलेला आहे, तो म्हणजे वरणभात. प्रथिने ज्या लहान लहान घटकांची बनतात, त्यांपैकी लायसीन नावाचा घटक तांदळात कमी असतो आणि डाळीत भरपूर असतो. मेथिओनिन नावाचा घटक डाळीत कमी असतो, पण तांदळात पुरेसा असतो. दोन्ही धान्ये एका दिवसाच्या जेवणात आली की एकाची उणीव दुसरे भरून काढते. साधारणतः तीन भाग तांदळास एक भाग डाळ हे प्रमाण बरे. गरिबीची पहिली कुऱ्हाड मात्र डाळीवरच पडते. ती दिवसेंदिवस पातळ होत जाते आणि अखेर भातावर हळदीचे पिवळे पाणीच तेवढे उरते. लहान मुलांच्या वाढपात डाळ वरून ओतताना पळी तळापर्यंत घालावी, हा सल्ला म्हणूनच क्षुल्लक नव्हे.

डाळीसंबंधी ह्या मुलखापुरती आणखी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. भाताची कापणी होण्यापूर्वी उभ्या पिकातच, शेतात उरलेल्या ओलीवर, तिवडा पेरण्याची चाल येथे आहे. तिला ‘उतेरा’ म्हणतात. तिवडा म्हणजे विदर्भातील लाख अथवा लाखोळी. हे पीक जवळजवळ फुकटात येते आणि दुष्काळातही दगा देत नाही. पण तिच्या दाण्यात एक विषारी द्रव्य असते. महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून लाखोळी खाल्ली, तर पायांतील शक्ती जाऊन माणूस कायमचा पांगळा होऊ शकतो. १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी घालणारा नियम देशात झाला, तो ह्याच भयाने. पुढे रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने ‘प्रतीक’ व ‘महातिवडा’ ह्या कमी विषाच्या जाती काढल्या. गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिल्यानेही दोष पुष्कळ कमी होतो. तरीदेखील वाढत्या मुलाच्या रोजच्या ताटात तूर, मूग, मसूर किंवा हरभरा असावा आणि लाखोळीचा आधार घेऊ नये, हेच शहाणपणाचे. स्वस्त अन्न आणि निर्धोक अन्न ह्यांतील भेद मुलाला कळत नाही. तो कळण्याची जबाबदारी वाढणाऱ्यावर आहे.

तिसरी उणीव रक्ताची. ती भरून काढणाऱ्या पालेभाज्यांच्या बाबतीत छत्तीसगढ खरोखर श्रीमंत आहे. तेथील लाल भाजी म्हणजे आपला लाल माठ, अमारी म्हणजे अंबाडी, चरोटा म्हणजे टाकळा आणि मुनगा म्हणजे शेवगा. यांपैकी पुष्कळ भाज्या परसात, बांधावर किंवा पडीक जमिनीत आपोआप उगवतात. त्यांच्यात लोह असते आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचा पुरवठा करणारे द्रव्यही असते. परंतु वनस्पतींतील लोह शरीरात सहजी शिरत नाही. त्याला ‘क’ जीवनसत्त्वाची सोबत लागते. यास्तव भाजी ताटात वाढल्यावर तीवर लिंबू पिळावे किंवा जेवणात आवळा अथवा पेरू यावा. लिंबू शिजविताना घातल्यास त्याचा बराच गुण उष्णतेने नाहीसा होतो. ‘अ’ जीवनसत्त्व अंगी लागण्यासाठी भाजीत थोडे तेल हवे. कडधान्याला मोड आणले किंवा पीठ आंबविले, तर लोहाला अडवून ठेवणारे द्रव्य कमी होते. ह्याउलट, जेवणाबरोबर मुलाच्या हाती दिलेला चहाचा पेला लोहाची वाट अडवितो. मुलाला चहाची सवय लावणे म्हणजे एका हाताने वाढणे आणि दुसऱ्या हाताने काढून घेणे होय.

वनस्पतिज आहाराची एक मर्यादाही प्रांजळपणे सांगितली पाहिजे. ‘ब-१२’ हे जीवनसत्त्व धान्य, डाळ किंवा भाजी ह्यांत मिळत नाही. जी घरे मांसमच्छी व अंडी खात नाहीत, तेथे दूध, दही किंवा ताक मुलाला रोज मिळावयास हवे. जेथे तेही मिळत नाही, तेथे वैद्यकीय सल्ल्याने औषधरूपाने ते द्यावे लागते. मेंदू व मज्जातंतूंच्या वाढीशी त्याचा संबंध असल्याने ह्यात हयगय परवडणारी नाही.

आता हे सारे एका ताटात कसे बसते ते पाहावे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीत सकाळचा खाऊ आणि गरम जेवण मिळून ५०० उष्मांक व १२ ते १५ ग्रॅम प्रथिने मिळण्याचा हक्क मुळात दिला होता. साठ ग्रॅम तांदूळ, वीस ग्रॅम डाळ, चाळीस ग्रॅम पालेभाजी आणि एक लहान चमचा तेल ह्यांचे जेवण केले, तर सुमारे ३३५ उष्मांक व १० ग्रॅम प्रथिने होतात. सकाळी पंधरा ग्रॅम फुटाणे, दहा ग्रॅम शेंगदाणे आणि तेवढाच गूळ कुटून केलेला लाडू दिला, तर त्यात जवळजवळ १५० उष्मांक व ५ ते ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. दोहोंची बेरीज कायद्याच्या त्या मूळ मापास येऊन भिडते, आणि ह्यात परदेशातून आणावी अशी एकही वस्तू नाही. मात्र फुटाणे व शेंगदाणे लहान मुलांना अख्खे देऊ नयेत. ते घशात अडकण्याचा धोका असतो. ते कुटूनच द्यावेत. हे अन्न ‘पूरक’ आहे, हेही आईला नीट समजावून सांगितले पाहिजे. ‘आज अंगणवाडीत जेवला आहे’ म्हणून घरचा घास कमी झाला, तर सरकारी खर्च होतो आणि मूल होते तेथेच राहते.

‘अंगणवाडी’ हा शब्द छत्तीसगढच्या खेड्यात आज घरोघर बोलला जातो, पण तो जन्मला महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी बोर्डी येथे खेड्यातील मुलांसाठी काम सुरू केले. मुले बालवाडीत येत नाहीत, असे त्यांना आढळून आले. कोणी धाकट्या भावंडाला सांभाळत होते, कोणी गुरांमागे जात होते. तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांचे कार्य विस्तारले. ताराबाई १९७३ मध्ये निवर्तल्या आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले.

ह्या दोघींच्या कार्याचे मर्म वाढपाच्या वेळी विशेष आठवावे. मूल स्वतःच्या हाताने करते तेच शिकते, हा त्यांच्या शिक्षणाचा पाया होता, आणि जेवणही त्याला अपवाद नाही. मुलांना हात धुऊन ओळीने बसवावे, थोडे वाढावे, मागितल्यास पुन्हा वाढावे आणि त्यांना आपल्या हातांनी खाऊ द्यावे. सांडले तर रागावू नये. नवी भाजी मूल पहिल्या दिवशी बहुधा थुंकून टाकते. म्हणून ती ताटातून हद्दपार करू नये. आठ-दहा वेळा थोडी थोडी पुढे केल्यावर तेच मूल ती आवडीने खाऊ लागते. शेजारचा सवंगडी खातो आहे, हे पाहण्याइतके मोठे आर्जव दुसरे नाही. घरी एकट्याने नाक मुरडणारे मूल पंगतीत मुकाट्याने जेवते, हा अनुभव बहुतेक आयांना असतो. बळजबरीने कोंबलेला घास मात्र अन्नाविषयी कायमची अढी निर्माण करतो.

ह्या सर्व व्यवस्थेचा भार अखेर दोन स्त्रियांवर पडतो: अंगणवाडीची कार्यकर्ती आणि तिची मदतनीस. डाळ वेळेवर आली नाही, सरपण ओले निघाले, भाजीचे पैसे मागे राहिले, की त्या दिवशीच्या ताटात पुन्हा नुसता भात येतो. मोठ्या माणसाने एक महिना अर्धपोटी काढला, तर पुढच्या महिन्यात तो सावरतो. पहिल्या काही वर्षांत खुंटलेली वाढ मात्र पुढे सहसा पुरती भरून निघत नाही. मुलाच्या बाबतीत हुकलेला दिवस उधारीवर ठेवता येत नाही. अभनपूरच्या शेतात भात पुष्कळ पिकतो आणि पुढेही पिकेल. त्याच्या शेजारी घट्ट वरणाची पळी, परसातली मूठभर भाजी, चमचाभर तेल आणि लिंबाची एक फोड रोज न चुकता पडली, म्हणजे त्या वाडग्याचे नाव सार्थ होईल.