हवापालट पुरत नाही

गायक कुमार गंधर्व माळव्याच्या कोरड्या हवेने क्षयातून बरे झाले, असं सहज म्हटलं जातं. हवेसाठीच ते १९४८ च्या जानेवारीत देवासला आले, हे खरं. पण क्षय नुसत्या हवेने हटला नाही. स्ट्रेप्टोमायसीन मिळालं तेव्हा दुखणं आटोक्यात आलं. आणि तोवर, ऐन उमेदीची वर्षं, डॉक्टरांनी गाण्यावर घातलेली बंदी त्यांनी पाळली. पत्नी भानुमतीबाईंनी शुश्रूषेत कसर ठेवली नाही. निदान, औषध आणि पथ्य या तिन्हींचं श्रेय आपण हवेला देऊन टाकलं.

आजही देवास-धारकडच्या पुरुषांच्या तब्येतीचा विषय निघाला की सल्ला ठरलेला: पहाटे उठा, माताजीची टेकरी चढा. चढावी, जरूर चढावी. आठवड्याला दीडशे मिनिटं झपाझप चालणं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. (उतरल्यावर पोहे-जिलबी आणि वर मूठभर शेव, तो हिशेब वेगळा.) पण पुरुषांना आधी लागायला हवी ती तपासणीची सवय. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही, साखर सुरुवातीला जाणवत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत आणि १३.६ कोटी लोक उंबरठ्यावर.

‘मी सडपातळ, मला कशाला तपासणी?’ याचं उत्तर पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी स्वतःच्याच देहावरून दिलं. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापून आला. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप अधिक खरं बोलते: आपल्याकडच्या पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत हवी.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पीथमपूर किंवा देवासच्या कारखान्यात रात्रपाळी करून आलेल्याला पहाटेची टेकरी सुचवणं ही चेष्टाच. तिशीनंतर रक्तदाब आणि साखर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात; पण त्यासाठी दिवसाचा खाडा करावा लागला तर कंत्राटी कामगाराची मजुरी बुडते. तो जात नाही, यात आळस थोडा आणि हिशेब जास्त. म्हणून तपासणी पाळी बदलताना कारखान्याच्या फाटकावर व्हावी, आणि तिथला वेळ कामाच्या तासांत धरावा.