आधी जागा, मग घरकुल

तंजावर म्हटले, की मराठी माणसाला व्यंकोजीराजे आठवतात, सरफोजीराजांचे सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. कावेरीच्या पाण्यावर पिकणाऱ्या या मुलखाला तमिळनाडूचे भाताचे कोठार म्हणतात. पण हे कोठार भरणाऱ्या मजुराला स्वतःच्या झोपडीला 'माझे घर' म्हणण्यासाठी किती झगडावे लागले, हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

पूर्वीच्या तंजावर जिल्ह्यात शेतीची मालकी मोठे जमीनदार आणि मठ-मंदिरे यांच्याकडे एकवटलेली होती. तिथे राबणारा सालदार, म्हणजे 'पन्नैयाळ', बहुधा दलित. त्याची झोपडीही मालकाच्याच जमिनीवर. मातीच्या भिंती आणि वर नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप. पावसाळ्यात गळती, उन्हाळ्यात आगीची धास्ती. त्याहून मोठी धास्ती मालकाची. मजुरी वाढवून मागितली आणि मालकाची मर्जी फिरली, की कामाबरोबर घरही जायचे. अशा माणसाने तोंड उघडायचे तरी कसे?

१९५२ साली राजगोपालाचारींच्या सरकारने खास तंजावरची कुळे आणि पन्नैयाळ यांच्या संरक्षणासाठी वटहुकूम काढला. पण कागदावरचे संरक्षण झोपडीपर्यंत पोहोचायला वेळ लागतो.

एका झोपडीतला आकांत

२५ डिसेंबर १९६८ची रात्र. त्या वेळी तंजावर जिल्ह्यात असलेल्या किळवेणमणी गावात मजुरीवाढीच्या वादातून दलित वस्तीवर हल्ला झाला. जीव वाचवायला लोक एका झोपडीत शिरले. ती झोपडीच पेटवून देण्यात आली. ४४ जण जळून मेले. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती.

सारा देश हादरला. १९७१ साली करुणानिधींच्या सरकारने कायदा केला. 'कुडियिरुप्पु' म्हणजे राहत्या झोपडीची जागा. दुसऱ्याच्या जमिनीवर झोपडी बांधून राहणाऱ्या शेतमजुराला त्या जागेची मालकी मिळावी, अशी तरतूद त्यात होती. सरकारने घर बांधून दिले नाही, पण पायाखालची जमीन त्याच्या नावे केली. 'उचल बिऱ्हाड' म्हणण्याचा मालकाचा हक्क कायद्याने संपला.

आपल्या विनोबांच्या भूदान चळवळीत घडलेले जगन्नाथन आणि कृष्णम्माल हे दांपत्य किळवेणमणीनंतर याच भागात कामाला लागले. १९८१ साली त्यांनी 'लाफ्टी' ही संस्था काढली. जमीनदारांशी बोलणी करायची, कर्ज उभारायचे, जमीन विकत घ्यायची आणि ती भूमिहीन घरातल्या बाईच्या नावे करायची, अशी त्यांची रीत. सुमारे १३ हजार एकर जमीन त्यांनी अशी वाटली. पुढे झोपड्यांच्या जागी पक्की घरे बांधण्याचे कामही कृष्णम्मालनी हाती घेतले.

छप्पर बदलते, प्रश्न उरतो

सरकारी योजनांनाही तोटा नव्हता. १९८५ साली केंद्राची इंदिरा आवास योजना आली. २०१० साली तमिळनाडूने २१ लाख झोपड्यांच्या जागी सहा वर्षांत पक्की घरे बांधण्याची घोषणा केली. पण २०११ साली सरकार बदलले आणि तिच्या जागी सौर दिव्यांच्या ३०० चौरस फुटी घरांची योजना आली. २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण भागात सुरू झाली.

तरीही नोव्हेंबर २०१८ मध्ये गज चक्रीवादळ आले, तेव्हा पट्टुकोट्टै, पेरावूरणी भागात नारळाच्या बागांबरोबर गरिबांच्या झोपड्याही भुईसपाट झाल्या. इतक्या योजनांनंतरही झापांखाली राहणारी माणसे होतीच.

२०२४ साली राज्याने २०३० पर्यंत आठ लाख पक्की घरे बांधण्याची योजना जाहीर केली. एका घराला साडेतीन लाख रुपये, घर ३६० चौरस फुटांचे. रक्कम चांगली आहे. पण अट आहे ती जागेच्या पट्ट्याची. कालव्याच्या काठी किंवा पडीक सरकारी जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याने पट्टा आणायचा कुठून? सर्वांत गरजू माणूस इथेच अडतो.

हे दुखणे आपल्याकडेही आहे. 'घरकुल मंजूर झाले, पण जागाच नाही' हे वाक्य महाराष्ट्रातल्या कोणत्याही ग्रामपंचायतीत ऐकायला मिळते. म्हणूनच महाराष्ट्र सरकारला घरकुलाची जागा विकत घेण्यासाठी दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने वेगळी मदत सुरू करावी लागली.

विटा, सिमेंट आणि अनुदान यांचे आकडे जाहीर करणे सोपे असते. पण दुसऱ्याच्या जमिनीवरचे पक्के घरही कच्चेच. तंजावरच्या मजुराने हा धडा फार मोठी किंमत मोजून शिकवला आहे. सर्वांना घर द्यायचे, तर सुरुवात त्या जागेच्या कागदापासून झाली पाहिजे. आणि त्या कागदावर घरच्या बाईचे नाव असेल, तर ते घर अधिक टिकेल.