झोक्यावरची चार सेकंदे

सुरतेत सर्कशीचा तंबू उभा राहू लागला म्हणजे बघ्यांची नजर उंच खांबांवर जाते. जाणत्या कारागिराची मात्र जमिनीकडे असते. ह्या प्रदेशातील काळी माती पाण्याने फुगते व उन्हाने भेगाळते. अशा मातीत ठोकलेली एखादी मेख ढिली झाली, तर तिला बांधलेला दोर सैल पडून वरचा झोका तिरका होतो. म्हणून पावसाची सर येऊन गेली की प्रत्येक ताण पुन्हा आवळून पाहावा लागतो.

झोक्यावरची ही झेप तशी अर्वाचीनच. झ्यूल लेओतार ह्या फ्रेंच तरुणाने ती 1859 साली पॅरिसमध्ये करून दाखविली. पुढे 21 वर्षांनी विष्णुपंत छत्रे ह्यांनी मुंबईत आपल्या सर्कशीचा पहिला खेळ केला.

झोका हा घड्याळाच्या लंबकासारखा असतो. चार मीटर लांबीचा झोका जाऊन परत येण्यास सुमारे 4 सेकंद घेतो. मग खेळाडू धिप्पाड असो वा सडपातळ. समोरचा झेलणारा गुडघे अडकवून उलटा लोंबकळत असतो व त्याचाही झोका चालूच असतो. उडणाऱ्याने अर्धा सेकंद उशीर केला की तो मागे फिरलेलाच! शिवाय 60 अंशांवरून खाली येताना, झोक्याच्या तळाशी, हातांवर शरीराच्या दुप्पट भार पडतो.

पकड तळहातांची नसते, मनगटांची असते. सुरतेच्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून हातांना मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी भुकटी चोळतात. उडणाऱ्याने हात केवळ पुढे करावयाचे. धरणे हे झेलणाऱ्याचे काम. घाबरून झडप घालण्याचा मोह आवरणे हेच बहुधा सर्वांत कठीण असावे.

खाली जाळी असते खरी, पण जाळी म्हणजे गादी नव्हे. पाय आधी टेकले तर घोटा मुरगळतो, आणि वेडेवाकडे पडल्यास उसळून माणूस जाळीबाहेरही फेकला जातो. यासाठी हवेतच अंग वळवून पाठीवर पडण्याची सवय आधी करावी लागते. पूर्वी ही तालीम कोवळ्या वयातच सुरू होई. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामास लावण्यावर बंदी घालण्याचा आदेश दिला, हे योग्यच झाले. मात्र वाढत्या वयात, सांधे ताठर होऊ लागल्यावर शिकावयास येणाऱ्याला त्याच पडण्यासाठी अधिक काळ घाम गाळावा लागतो.