खाचरातले हिरवे गोळे

श्रावण संपता संपता आमचे धाकटे चिरंजीव पंचगंगेकाठच्या भातखाचरातले पाणी मुरांब्याच्या बरणीत भरून घेऊन आले. "हे शेवाळ घरात कशाला?" असे त्याच्या आईने विचारलेच. पण बरणी खिडकीत ठेवली तेव्हा तीही वाकून पाहू लागली. मोहरीहून कितीतरी बारीक असे हिरवे गोळे गिरक्या घेत उजेडाकडे चालले होते!

हा व्हॉल्व्हॉक्स. हॉलंडच्या लेव्हेनहूकने १७०० साली स्वतः घासलेल्या भिंगातून त्याचे वर्णन केले. कोल्हापूरच्या शेवाळांवर एन. डी. कामत यांचा दीर्घ निबंध १९६३ साली प्रसिद्ध झाला. पण या गोळ्याचे मराठी मुलुखाशी नाते त्याहून जुने आहे. कंपनी सरकारच्या नोकरीत मुंबईला आलेले डॉक्टर हेन्री जॉन कार्टर यांना सूक्ष्मदर्शकाचा भारी नाद. मुंबईच्या व्हॉल्व्हॉक्सवर त्यांनी १८५९ साली लिहिले, आणि पुढे एका जातीला 'व्हॉल्व्हॉक्स कार्टेरी' असे त्यांचेच नाव मिळाले.

या कार्टेरीचा संसार पाहण्यासारखा आहे. गोळ्याच्या पृष्ठभागावर दोन हजारांवर पेशी. प्रत्येकीला दोन बारीक शेपट्या आणि उजेड ओळखणारा एक ठिपका. गोळा वल्हवायचा, एवढेच त्यांचे काम. वंश चालवतात त्या आतल्या सोळाएक थोरल्या पेशी. त्यांच्यापासून पोटात लेकी तयार होतात, पण उलट्या, शेपट्या आत! मग उशीची खोळ सुलटी करावी तशी प्रत्येक लेक स्वतःला उलटवून घेते. दिवसभराने आईचे कवच फाडून त्या बाहेर पडतात.

आणि त्या दोन हजार वल्हेकरणी? त्यांना लेकरू नाही. दोनचार दिवसांत त्या मरतात. एकपेशीय शेवाळ दुभंगते आणि दोन्ही भाग जगतात. मागे प्रेत असे उरत नाही. इथे कामाची वाटणी झाली आणि पाठोपाठ म्हातारपण आले. गंमत अशी, की २०१० साली या गोळ्याची सारी जनुके वाचली गेली, तेव्हा ती त्याच्या एकपेशीय भावंडाइतकीच, साडेचौदा हजारांच्या आसपास भरली. नवा संसार थाटला तो बहुतेक जुन्याच भांड्यांवर.

तिसऱ्या दिवशी बरणीत लहान गोळे पुष्कळ दिसले. चिरंजीवांनी विचारले, "बाबा, यांच्या आया कुठे गेल्या?" मी तळाशी बसलेला फिकट गाळ दाखवला. तो बराच वेळ बोलला नाही. संध्याकाळी सारे पाणी खाचरात सोडून आला. बरणी मात्र तिथेच विसरला, आणि त्याबद्दल ऐकून घ्यावे लागले ते मला!